राखाडी ट्रिगर आणि वीस टपल्या

कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या हातात एक रायफल आहे. दचकू नका, खेळण्यातली. निळ्या-नारिंगी प्लॅस्टिकची, पोटात बॅटरी, आणि गोळ्यांच्या जागी बोटाएवढे फोमचे डार्ट. ट्रिगर एकदा ओढला की एक डार्ट सुटतो. दुसरा हवा असेल तर बोट सैल सोडायचं आणि पुन्हा ओढायचं. अशा रायफलीला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. आता समोर दहा पावलांवर कागदाचे दहा पेले मांडलेत. घड्याळात वीस सेकंद आहेत. आणि तुमचा ट्रिगर आहे जड. ओढायला गेलं की सगळी रायफल हलते आणि डार्ट पेल्याच्या कानाजवळून निघून जातो. काय कराल?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. अक्षदानं काय केलं ते आधी ऐका.

अक्षदा अकरा वर्षांची. कुवेतमध्ये सालमियाला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहायची. तिचे बाबा, उदय, इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायचे. सलाईनचा पंप, श्वास देणारं मशीन, असलं काहीही बिघडलं की त्यांना बोलावणं. आई सोनल तिथंच नर्स. धाकटा सुमेध सहा वर्षांचा आणि पायाला भिंगरी. सातव्या मजल्यावर इक्रा राहायची, अक्षदाच्याच वर्गातली. इक्राची आई आफिया दापोलीकडची, त्यामुळे दोन्ही घरांत मराठी चालायचं. मुली मात्र एकमेकींशी इंग्रजी, हिंदी, मराठी, जे आधी तोंडात येईल ते बोलायच्या.

दर शुक्रवारी चार वाजता बाबा या तिघांना गाडीत घालून शहरातल्या राई नावाच्या भागात न्यायचे. तिथं गॅरेजांच्या आणि गोदामांच्या रांगेत एका गोदामाचा खेळाचा हॉल केला होता. माणसांवर नेम धरायचा नाही, फक्त पेल्यांवर. दोघादोघांची टीम. अक्षदा आणि इक्रा एक टीम होत्या आणि त्यांच्यात मिळून एक रायफल होती.

हॉलच्या कोपऱ्यात तौफीकचाचांचं लांबलचक टेबल होतं. चाचा हैदराबादचे. पांढरी दाढी, कपाळावर चढवलेला चष्मा आणि खिशात कायम तीन स्क्रू-ड्रायव्हर. रायफलीत कुठलाही बदल करायचा असेल तर तो त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्याशिवाय एक नियम होता, तो बाबांनी इस्पितळातून आणला होता. इस्पितळात ज्यानं मशीन दुरुस्त केलं त्यानं ते तपासायचं नाही. तपासणारा दुसरा. आणि तपासून झालं की यंत्रावर चिठ्ठी लावायची: काय बदललं, कोणी बदललं, कोणी तपासलं. चाचांना तो नियम इतका आवडला की त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्यांचं बंडलच आणून ठेवलं.

जानेवारीत प्रत्येक टीमला चाचांच्या फळीवरून एक नवा ट्रिगर आणि दोन मॅगझिनं निवडायला मिळाली. डार्ट भरून रायफलीच्या पोटात सरकवायची ती लांबट डबी म्हणजे मॅगझीन.

फळीवर तीन ट्रिगर होते. लाल, राखाडी आणि काळा.

"काळा," अक्षदा म्हणाली. विचार वगैरे काही नाही.

"थांब ना, बघू तर दे," इक्रा म्हणाली. इक्राला प्रत्येक गोष्ट उलटी करून बघायची सवय होती, अगदी बिस्किटसुद्धा.

चाचांनी तिन्ही ट्रिगर एकेक करून एका उघड्या रायफलीत बसवून दाखवले. "लाल वाला देखो. लंबा जाता है, सख़्त है. छोटे बच्चों के लिए. ये राखी रंग का, आधा जाता है और साफ़ टूटता है. मतलब तुमको मालूम पड़ता है कि अब छूटेगा. और ये काला..." त्यांनी काळ्या ट्रिगरला नुसतं नख लावलं. टक! "ये सोचने से पहले छूट जाता है. पंद्रह साल के नीचे मैं देता ही नहीं."

"पण चाचा, हमजाकडे काळा आहे!"

"हमजा सोलह का है, बेटा. और वो भी मुझसे रोज़ झगड़ता है."

अक्षदाचा चेहरा पडला. इक्रानं राखाडी ट्रिगर बोटानं चार-पाच वेळा ओढून पाहिला. "अक्षू, हा मस्त आहे गं. बघ, इथं येऊन थोडा अडतो, मग सुटतो. आपल्याला कळतं."

मॅगझिनांच्या वेळीही अक्षदानं घाईच केली. बारा डार्टचं सरळ आणि अठरा डार्टचं वाकडं, असे दोन प्रकार होते. वाकडं तिनं रायफलीत सरकवलं, 'खट' आवाज आला, आणि ती म्हणाली, "बसलं! हेच घेऊ."

"बैठना और चलना अलग बात है," चाचा म्हणाले. "खींच के देखो."

तिनं खाली ओढलं तर मॅगझीन अलगद हातात आलं. त्याची खाच या रायफलीच्या खिट्टीहून केसभर वर होती. शिवाय आतली स्प्रिंग इतकी जोरकस की एका वेळी दोन-दोन डार्ट वर ढकलायची, आणि मग दोन्ही अडकायचे. म्हणून दोन्ही मॅगझिनं सरळ घेतली. दहा पेल्यांना बारा डार्ट पुष्कळ झाले.

अक्षदानं ट्रिगर बसवला. मग तपासणी इक्राची. रायफलीचं तोंड वाळूच्या बादलीकडे धरायचं आणि हाताच्या तळव्यानं तिला चहूबाजूंनी वीस टपल्या मारायच्या. एकदाही ट्रिगर आपोआप सुटता कामा नये. इक्रानं जिभेचं टोक बाहेर काढून, जपून, एकेक टपली मारली. अक्षदा शेजारी उभी राहून मोठ्यानं मोजत होती. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. काही झालं नाही. इक्रानं तिच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली. बदललं: अक्षदा. तपासलं: इक्रा.

तेवढ्यात हमजा टेबलाशी आला. उंच, नुकतीच मिशी फुटलेला, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्यानं त्यांचा ट्रिगर ओढून बघितला.

"हा ट्रिगर आहे की दुकानाचं शटर?" तो म्हणाला. "यल्ला, चला, दोघी मिळून ओढा. एक ओढेल, दुसरी धक्का देईल."

आजूबाजूची मुलं हसली. इक्रासुद्धा हसली. अक्षदा हसली नाही.

"पुढच्या मॅचला नऊ पाडून दाखवते," ती म्हणाली. तोवर तिचे कधी सातच्या वर गेले नव्हते.

मुलांनो, बोलून टाकलेलं वाक्य पोटात घेऊन आठवडा काढणं किती अवघड असतं, हे तुमच्यातल्या काही जणांना माहीत असेल. अक्षदानं रोज घराच्या पॅसेजमध्ये सराव केला. रविवारी सहा पेले. मंगळवारी सात. बुधवारी पुन्हा सहा. गुरुवारी संध्याकाळी बाबा अजून कामावर होते, आई सुमेधला आंघोळ घालत होती, आणि अक्षदा बाबांच्या अवजारांच्या पेटीपाशी बसली होती.

ट्रिगरच्या मागे एक बारीक स्प्रिंग असते. ती ट्रिगरला पुढे ढकलून धरते. स्प्रिंग जितकी लांब तितका ट्रिगर जड. हे तिला चाचांनीच शिकवलं होतं. तिनं बाबांच्या छोट्या कटरनं त्या स्प्रिंगचे दोन वेढे तोडले. तुकडा कचऱ्याच्या डब्यात कांद्याच्या सालींखाली घातला. रायफल पुन्हा जोडली आणि ट्रिगरवर बोट ठेवलं.

टक!

अगदी काळ्या ट्रिगरसारखा. पॅसेजमध्ये पहिल्याच फेरीत नऊ पेले पडले.

पिवळी चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. अक्षदाची नजर तिच्यावर गेली. नवा बदल झाला की जुनी चिठ्ठी फाडायची आणि पुन्हा तपासून घ्यायचं, हे तिला पाठ होतं. पण पुन्हा तपासायचं म्हणजे इक्राला सांगावं लागणार. आणि इक्रा 'नाही' म्हणणार. म्हणून तिनं रायफल पिशवीत घातली आणि चेन ओढली.

शुक्रवारी अक्षदानं नऊ पाडले. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. हमजानं दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोकला. मग इक्राची पाळी. तिला ट्रिगर हलका वाटला असणार, कारण पहिल्या दोन डार्टना ती दचकली. तरी तिनंही आठ पाडले. भोंगा वाजला. भोंगा वाजला की रायफल आधी टेबलावर ठेवायची आणि मग मॅगझीन काढायचं, असा हॉलचा नियम. आणि त्याच भोंग्याला लहान मुलं पडलेले डार्ट वेचायला पळायची. सुमेध सगळ्यांच्या पुढे. घाम आला म्हणून त्यानं डोळ्यांवरचा गॉगल कपाळावर सरकवला होता.

इक्रानं रायफल टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. तेवढा धक्का पुरला.

सुमेधची किंकाळी ऐकून बाबा खुर्चीतून धावले. त्याचे दोन्ही हात डाव्या डोळ्यावर होते. अक्षदा त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती, आणि तिच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती.

तौफीकचाचांनी रायफल उचलली, मॅगझीन काढलं, आणि रायफलीच्या अंगाला हलकेच टपली मारली. टक. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि चिठ्ठी वाचली.

"इक्रा बेटा, चेक तुमने किया?"

"जी."

"कितनी बार?"

"बीस."

"बीस बार में ये एक बार भी नहीं छूटा?"

इक्रानं मान हलवली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. तिनं अक्षदाकडे पाहिलं. अक्षदा शेजारी उभी राहून मोजत होती ना, म्हणून पाहिलं. अक्षदानं सुमेधच्या केसांवरून हात फिरवायला सुरुवात केली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलायला एक श्वास पुरला असता. पण बाबांनी सुमेधला उचललं, "चला, चला" म्हणाले, आणि ती त्यांच्यामागे पळाली. पळताना तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावर बारीक ओरखडा आहे. थेंब घाला, तीन दिवस पट्टी ठेवा, भरून येईल. बोटभर वर लागलं असतं तर नुसतं टेंगूळ आलं असतं, आणि जरा जवळून लागलं असतं तर... ते वाक्य डॉक्टरांनी पुरं केलं नाही. आई एरवी रक्त बघून न डगमगणारी. पण गाडीत बसल्यावर तिनं सीटबेल्ट दोनदा चुकीच्या खाचेत घातला.

हॉलमध्ये तपासणी करणाऱ्या मुलांची नावं एका फळ्यावर लिहिलेली असत. चाचांनी त्यावरून इक्राचं नाव पुसलं. या वर्षापुरतं.

शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. आईनं दार उघडलं. बाहेर इक्रा, हातात खिरीचा डबा.

"आंटी, सुमेध कसा आहे? मी त्याला भेटू?"

"झोपलाय गं तो," आई म्हणाली. सुमेध आत सोफ्यावर उड्या मारत होता आणि त्याचा आवाज बाहेर स्वच्छ ऐकू येत होता. "आईला थँक्यू सांग हं. आणि इक्रा... काही दिवस राहू दे. नंतर ये."

"हो आंटी." इक्रा जायला वळली, मग थांबली. "आंटी, मी खरंच वीस टपल्या मारल्या होत्या."

"बरं," आई म्हणाली. मोठी माणसं विश्वास नसताना जसं 'बरं' म्हणतात, तसं.

हे सगळं अक्षदानं फ्रिजच्या आडून ऐकलं. जेवताना खीर तिच्या वाटीतही वाढली गेली. सुमेधनं एका डोळ्यानं बघत दोनदा मागून घेतली. अक्षदानं वाटी पुढे सरकवली. "माझीपण तूच खा."

"ताई बेस्ट आहे," सुमेध म्हणाला.

अक्षदा उठून बेसिनपाशी गेली आणि उगाचच बराच वेळ हात धूत राहिली.

संध्याकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून रायफल उघडली. त्यांनी चाचांकडून ती मागून आणली होती. बिघाड कशानं झाला हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी अक्षदालाही शेजारी बसवलं. शिकवायला कुणी असलं की बाबांचा चेहरा खुलायचा.

"हे बघ," ते म्हणाले आणि चिमट्यात ती स्प्रिंग धरली. "कारखान्यातून येते ना, तेव्हा तिची दोन्ही टोकं घासून सपाट केलेली असतात. इथं बघ, हे टोक टोकदार आहे. आणि ही आखूडही वाटते. तू बसवलीस तेव्हा अशीच होती का?"

प्रश्न साधाच होता. बाबांच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. असता तर कदाचित सोपं गेलं असतं.

"हो," अक्षदा म्हणाली. "अशीच होती."

"मग तशीच आली म्हणायची," बाबा लगेच म्हणाले. जराही थांबले नाहीत. "म्हणजे तुझा काही दोष नाही. बसवणाऱ्याला सगळं दिसतंच असं नाही, म्हणून तर तपासणारा दुसरा ठेवतात. वीस टपल्या मारल्या असत्या तर त्यात हे सापडलं असतं." त्यांनी स्प्रिंग अलगद जागेवर ठेवली. "पोरीनं मारल्या नसतील गं. गडबड असेल, कंटाळा आला असेल. नाव लिहून टाकलं असेल. इस्पितळात मोठी माणसंही करतात असं. तिला रागवायचं नाही. पण समजावून सांगायला हवं. उद्या वर जाऊ या आपण. तूही चल, मैत्रीण आहेस, तिला धीर येईल."

'नको' म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. एकच कारण होतं, आणि ते सांगितलं की बाबांचं ते न थांबता विश्वास ठेवणं कायमचं संपलं असतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

कुवेतमध्ये शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्या रविवारी शाळेच्या बसमध्ये इक्रा पुढच्या सीटवर एकटी बसली. मागून तिचा हात दिसत होता. ती स्वतःच्या मांडीवर तळव्यानं हळूहळू मारत होती आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. अक्षदाला आधी कळलं नाही. मग कळलं. इक्रा मोजत होती. त्या दिवशी आपण किती टपल्या मारल्या, ते आठवून बघत होती.

संध्याकाळी पाच वाजता बाबा, अक्षदा आणि पिशवीतली ती रायफल, तिघं सातव्या मजल्यावर गेले.

आफियाआंटींनी दार उघडलं. "या उदयभाई, या. सुमेध कसा हाय? माझी तर झोपच उडालीय." त्यांनी सगळ्यांना बसवलं, विम्टोच्या जांभळ्या सरबताचे ग्लास आणले आणि आत हाक मारली. "इक्रा! बाहेर ये. अंकल आलेत."

इक्रा आली. शाळेचाच ड्रेस अजून अंगावर. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली, उठून जायला सांगतील म्हणून तयारीत असल्यासारखी.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. त्यांनी आवाज इतका मऊ केला होता की अक्षदाला रडू यायला लागलं. "मी रागवायला नाही आलोय. आपण दोघं मिळून बघू या काय झालं ते. त्या दिवशी तू कसं तपासलंस, मला करून दाखवशील?"

रायफल रिकामी होती. बाबांनी ते आधी इक्राला दाखवलं, आफियाआंटींना दाखवलं, मग तिच्या हातात दिली. इक्रानं तिचं तोंड सोफ्याच्या उशीकडे धरलं. जिभेचं टोक बाहेर आलं. एक टपली. दोन. तीन.

टक.

इक्रा रायफलीकडे बघतच राहिली. पुन्हा टपली मारली. टक.

"त्या दिवशी असं नव्हतं होत, अंकल."

"असं होतं कधीकधी," बाबा म्हणाले. "आपल्याला वाटतं, आपण केलं. मनात केलेलं असतं, हातानं राहून गेलेलं असतं. माझंही एकदा झालंय. त्यात लाजण्यासारखं नाही. फक्त कबूल करायचं, म्हणजे पुढच्या वेळी चूक होत नाही."

"पण मी मारल्या होत्या. वीस." इक्राचा आवाज बारीक झाला. "अक्षदा मोजत होती."

सगळ्यांनी अक्षदाकडे पाहिलं. तिच्या हातात विम्टोचा ग्लास होता. तिनं तो तोंडाला लावला.

इक्रा वाट बघत होती. आधी अक्षदाकडे बघत, मग आपल्या हातांकडे बघत. मग तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं.

"मग मी मारल्याच नसतील," ती म्हणाली. "मला वाटलं असेल नुसतं."

"शाबास," बाबा मनापासून म्हणाले. "हे म्हणायला धैर्य लागतं."

"अंकलची माफी माग, इक्रा," आफियाआंटी डोळे पुसत म्हणाल्या. "त्या बाळाचा डोळा गेला असता."

इक्रा उभी राहिली. हात पाठीमागे बांधून म्हणाली, "सॉरी, अंकल. मी परत असं नाही करणार."

जे तिनं केलंच नव्हतं, ते परत न करण्याचं वचन ती देत होती. आणि बाबा, जगातले सगळ्यात समजूतदार बाबा, तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला माफ करत होते.

"तिनं मारल्या होत्या."

हे वाक्य आपणच बोललो, हे अक्षदाला बोलून झाल्यावर कळलं. ग्लास अजून तिच्या हातात होता. तिनं तो खाली ठेवला.

"वीसच्या वीस मारल्या होत्या. मी मोजत होते. तेव्हा काहीच सुटलं नव्हतं." इंग्रजीत सांगणं सोपं गेलं असतं. शाळेत 'सॉरी, माय मिस्टेक' असं दिवसातून दहा वेळा म्हणून होतं आणि त्याचं काहीच वाटत नाही. म्हणून ती मराठीतच बोलली, इथल्या प्रत्येकाला कळेल असं. "ट्रिगर नंतर बिघडला. गुरुवारी. मी स्प्रिंग कापली. बाबांच्या कटरनं, दोन वेढे. चाचांनी काळा ट्रिगर दिला नाही ना, म्हणून. आणि इक्राला सांगितलं नाही. चिठ्ठी पण फाडली नाही. आणि काल बाबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

बाबांचा हात अजून इक्राच्या डोक्यावर होता. त्यांनी तो हळूच काढून घेतला, आणि त्या हाताचं काय करावं हे त्यांना कळेना. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना असं अक्षदानं कधी पाहिलं नव्हतं. ते तिच्यावर ओरडले नाहीत. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते इक्रासमोर वाकून, तिच्या उंचीला आले.

"इक्रा," ते म्हणाले, "तू खरं सांगत होतीस आणि मी तुला ते खोटं आहे असं शिकवत बसलो. माझी फार मोठी चूक झाली. तौफीकचाचांना मी आज फोन करून सांगतो. सोनलआंटीलाही."

इक्रानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "ओके, अंकल," म्हणाली. मग तिनं अक्षदाकडे पाहिलं. ती ओरडली असती तर चाललं असतं. तिनं फक्त पाहिलं, एखाद्या वस्तूची दुसरी बाजू पाहावी तसं. मग ती वळली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. कडी लावल्याचा आवाज मात्र आला.

"इक्रा!" आफियाआंटी उठल्या. मग परत बसल्या. त्यांनी विम्टोचा ग्लास उचलून ट्रेमध्ये ठेवला, अक्षदाला पुन्हा घेण्याचा आग्रह केला नाही.

"चल, अक्षदा," बाबा म्हणाले. घरात ते तिला 'अक्षू' म्हणायचे.

अक्षदा उठली. दाराकडे दोन पावलं गेली. चपला तिथंच होत्या. तिला खूप खूप वाटत होतं की चपला घालाव्यात, लिफ्टमध्ये शिरावं, आणि जे बोलायचं ते बोलून झालं असं समजावं. बाबा रागावले असते, दोन-चार दिवस अबोला धरला असता, आणि मग कधीतरी सगळं आपोआप...

"तुम्ही जा, बाबा," ती म्हणाली. "मी येते नंतर."

बाबांनी आफियाआंटींकडे पाहिलं. आंटींनी ट्रे उचलला. मग म्हणाल्या, "बसू द्या तिला. मी हाय."

बाबा गेले. अक्षदा इक्राच्या खोलीपाशी गेली आणि बंद दाराला टेकून खाली फरशीवर बसली. आत काही हालचाल नव्हती. तिनं दार वाजवलं नाही, 'उघड ना' म्हणाली नाही, 'मला माफ कर' असंही म्हणाली नाही. ते म्हटलं की इक्राला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तिला काही द्यायला लावण्याचा हक्क आपल्याला आज नाही, एवढं तिला कळलं होतं.

तिनं फक्त सांगायला सुरुवात केली. दाराच्या फटीशी तोंड नेऊन, सगळं, क्रमानं. हमजा ट्रिगरला शटर म्हणाला तेव्हा काय वाटलं. रविवारी सहा पडले, मंगळवारी सात. सुमेधची आंघोळ चालू होती. कटर लाल मुठीचं होतं. तुकडा कुठं टाकला. हॉलमध्ये चाचांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मी सुमेधचे केस सारखे करत बसले. पळताना मला बरं वाटलं होतं. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की तिचा तिलाच ऐकू आला नाही.

म्हणून ती थांबली, घसा खाकरला आणि तेवढंच वाक्य पुन्हा एकदा, नीट ऐकू जाईल असं म्हणाली.